दादाच्या वाटणीचं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवत जा. लिहिते. पण नुसतं खाल्लेलं लिहिणार नाही, जे जे मुकाट्यानं गिळावं लागलं तेही लिहिणार. सुरुवात त्या डॉक्टरांपासूनच.

काल आम्ही दादाला घेऊन गेलो होतो. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. वीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये मोटरमन म्हणून काढली, रक्तदाबाची गोळी आठवली तर घेतली, नाहीतर नाही, आणि आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मालिनीवहिनीला मधुमेह आहे, म्हणून तिची चालत नाही. माझी चालते. रक्तगट जुळतो, तपासण्या जुळल्या, मी एक द्यायला तयार आहे. मोठ्या तोऱ्यात गेले होते मी. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "एकोणऐंशी. तुमच्या उंचीला हे फार झालं. सत्तरच्या आत या, मग ऑपरेशनचं बोलू. नाहीतर तुम्हालाच धोका."

म्हणजे माझ्या भावाचा जीव माझ्या पोटाच्या घेरात अडकलाय. आणि हे सांगणाऱ्या डॉक्टरांना स्वतःचं पोट आडवं येतं म्हणून टेबलापासून हातभर लांब बसावं लागतं. मी बोलणार होते, पण दीपकनी, आमच्या ह्यांनी, माझा पदर ओढला.

बाहेर आल्यावर दादा हसला. "काय गो बाय, आता तुझे वडे बंद!" मी म्हटलं, "हसू नकोस. तुझ्यासाठी झाडपाला खाऊन राहीन, पण सहा महिन्यांत सत्तरच्या आत येऊन दाखवीन." त्याचं हसू एकदम गेलं. आंबा घाट उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. गाडी लागत असावी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या पतसंस्थेतली श्रद्धा एका वेलनेसवाल्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी मला आरशासमोर उभं केलं, मग एक छापील तक्ता दिला. सकाळी बदामाचं दूध. दुपारी क्विनोआ. संध्याकाळी अ‍ॅव्होकॅडो. शिवाय त्यांच्याकडचीच पावडर, तीही डबाभर. मी विचारलं, "क्विनोआ म्हणजे काय?" तर म्हणाल्या, "एक प्रकारचं धान्य." म्हटलं, "आमच्याकडे धान्याचा दुष्काळ पडलाय का?" श्रद्धा खाली मान घालून बसली. त्या पावडरच्या पैशात दादाच्या महिनाभराच्या गोळ्या येतात. नाकापेक्षा मोती जड. तक्ता तिथेच ठेवून आले.

तिथून दादाकडे. मंगळवार-शनिवार दुपारी रिक्षावाला गंगाराम त्याला मालगुंडहून इथल्या डायलिसिस सेंटरात आणून सोडतो. वहिनीची पर्यटकांसाठी घरगुती खाणावळ आहे, तिला शनिवारी मान वर करायला फुरसत नसते. म्हणून ऑफिस सुटलं की त्याच्याजवळ मी बसते. एक हात सुयांनी यंत्राला जोडलेला, चार तास पडून राहायचं, पाणी मोजून प्यायचं, नारळ नाही, काजू नाही, केळं नाही, मीठ नावालाच. खाण्याचा एवढा शौकीन माणूस! आज त्यानं डबा आणला होता. घावणे आणि नारळाचा रस. "मी तर खाऊ शकत नाय. तू माझ्यासमोर खा. तुला खाताना बघितलं की मला बरं वाटतं."

मी नको म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि खाल्लं. हे मी लिहायच्या हिशोबात धरणार नाही. हे माझं जेवण नव्हेच. मी फक्त त्याच्या वाटणीचं खाल्लं, माझ्या तोंडानं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन आले. सुरमईकडे बघितलंसुद्धा नाही. तारल्या घेतल्या, ताज्या फडफडीत. मासळीवाली म्हणाली, "पाहुणे नायत वाटतं?" स्वस्त मासा घेतला की आपण गरीब, असा हिचा हिशोब. मी म्हटलं, "पाहुणे गेले खड्ड्यात, मला ताकद पायजे." तिनं दोन तारल्या जास्त घातल्या.

आता माझं ठरलं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मुळ्याचा नाहीतर शेवग्याचा पाला, तारली, ताक. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वाटीभर. तेल चमच्यानं. हे सगळं आमच्या आज्या खात होत्या आणि डोंगर चढत होत्या, कोणी त्यांना काट्यावर उभं केलं नाही. राही म्हणते, "आई, हल्ली यालाच सुपरफूड म्हणतात." म्हटलं, काहीही म्हणू देत, बाजारात भाव वाढवू नयेत म्हणजे झालं.

सासूबाईंनी स्वयंपाक आपल्याकडे घेतलाय. "तू ऑफिसातून दमून येतेस, तुझं पथ्याचं मी करते." त्यांना मी किडनी द्यायची हेच मुळात पटलेलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "लग्न झालेल्या बाईनं अंगातलं काढून माहेरी द्यायचं?" आणि आता एवढं प्रेम? बघू.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. म्हटलं चला, उपासानं तरी वजन उतरेल. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळी, चार वाजता ऑफिसात सगळ्या बायकांचे डबे: शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस, वेफर्स. संध्याकाळी पूजा झाल्यावर उपास सोडायला पुरणपोळी. उपास कोणाचा, देवीचा की माझा? एवढं तर मी साध्या दिवशी खात नाही. पुढच्या गुरुवारी देवीला हात जोडीन, आणि पिठी-भाकरी खाईन. देवी समजूतदार असेल तर रागावणार नाही. बायका रागावतीलच.

२१ डिसेंबर, शनिवार

अठ्ठ्याहत्तर. महिनाभर भाकरी-पिठी खाऊन एक किलो. काटा बिघडला असेल म्हणून तांदळाच्या गिरणीतल्या काट्यावर उभी राहिले. गिरणवाला हसला आणि आकडा तेवढाच निघाला. मला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला.

भाट्याच्या पुलापर्यंत रोज चालते. साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, म्हणजे गरम पाण्यात रागच ढवळून पिते. तरी उतरत नाही. कोणीतरी घोळ घालतंय. आज सासूबाईंनी भाकरी वाढली तेव्हा ती जरा जास्तच मऊ होती. तूप?

संध्याकाळी दादाकडे. वहिनीनं उकडीचे मोदक पाठवले होते. संकष्टी तर परवाच झाली, मग आज कशाला म्हणून विचारलं, तर दादा म्हणाला, "पाहुण्यांसाठी केलेले, राहिले." पाच होते. पाचही मलाच. तो मोदक फुटताना बघतो ना, आतली वाफ निघते तेव्हा त्याचे डोळे अगदी लहान मुलासारखे होतात. कोण नाही म्हणेल?

वहिनीला आवडले म्हणून सांगायला फोन केला. तर ही तुटक. "बरं. आवडले ना? झालं तर मग." आणि ठेवला. मी तिच्या नवऱ्याला किडनी देणार, आणि हिला माझ्याशी दोन शब्द बोलवत नाहीत. चार पाहुण्यांचं जेवण केलं की माणूस असं वागतं का?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोला म्हणे. कोणाशी?

आज दादाला फार त्रास झाला. डायलिसिस चालू असताना रक्तदाब एकदम उतरला, पायांत गोळे आले, तो माझा हात धरून "आई गं" म्हणाला. पंचेचाळीस ओलांडलेला, बोटीवरची वादळं बघितलेला माणूस. पाय चोळून चोळून माझे हात दुखले. जरा सावरल्याबरोबर म्हणतो काय, "डबा उघडलास काय? तिळाच्या पोळ्या हायत. तूप वेगळ्या डबीत हाय, लावून खा."

मी म्हटलं, "दादा, आज नको." तर त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मग खाल्ल्या. रडत रडत खाल्ल्या. दोन तिथेच, दोन रिक्षात.

तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदयावर ताण येतोय. प्रत्यारोपण करायचंच असेल तर पावसाळ्याच्या आत बघा." मी दात-ओठ खात घरी आले. आणि समोर सासूबाई, "ये, पेज केल्ये, चार घास खा." भूक नव्हती. पातेल्यावर झाकण आपटून झोपले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल पुन्हा कोल्हापूर. अठ्ठ्याहत्तर आणि वर चारशे ग्रॅम. इथल्या नोव्हेंबरातल्या वजनापेक्षा जेमतेम अर्धा किलो कमी.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाता. मी घडाघडा सांगितलं. पेज, पिठी, भाकरी, पाला, तारली, ताक. चालणं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एवढ्यावर वजन उतरायलाच हवं. नाहीतर तुम्ही खरं सांगत नाही." मग दीपकना आणि दादाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, मनातून द्यायची नसेल तर तसं सांगा. घरच्यांना आम्ही वैद्यकीय कारण सांगू. तुमच्यावर काही येणार नाही. पुष्कळजण सांगतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी तीन महिने चहात साखर घातली नाही, आणि तुम्ही मला खोटारडी ठरवताय?" आवाज बाहेर गेला असणार, कारण दार उघडलं तेव्हा बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

गाडीत दादानं खोदून खोदून विचारलं. सांगितलं तर म्हणाला, "मग? हो म्हणायचं होतंस." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. ह्या माणसाला कुठे थट्टा करावी तेही कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घरात युद्ध झालं. मीच केलं.

ताट समोर आलं, भाकरी पुन्हा मऊ. मी भाकरी दाबून बघितली, वास घेतला आणि सरळ विचारलं, "आई, तुम्ही ह्यात तूप घालता का?" सासूबाईंना आधी कळेचना. मग मी सगळं काढलं. तुम्हाला मी द्यायला नको आहे, म्हणून माझं वजन उतरू देत नाही, म्हणून एवढ्या प्रेमानं स्वयंपाक करताय. राही म्हणाली, "आई, पुरे." मी तिलाही गप्प केलं.

सासूबाईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. म्हणाल्या, "नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात मळलं की भाकरी मऊ होते. तुझ्या आईनं शिकवलं नाय, त्याला मी काय करू? तूप चोरून घालायला मी वेडी? तुपाचा भाव ठाव हाय तुला? मला पटत नाय ते मी तोंडावर सांगते. ताटात नाय कालवत." आणि आत जाऊन निजल्या, जेवल्या नाहीत.

दीपकनी आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मंगळवारी आणि शनिवारी तू घरी येऊन जेवत नाहीस. का गं?" म्हटलं, "भूक नसते. दादाला तसं बघून कोणाला भूक लागेल?" ते आणखी काही बोलणार होते, पण मी बोलू दिलं नाही. आज सगळेच माझ्या विरुद्ध.

८ मार्च, शनिवार

आज जे कळलं ते लिहितेय. रागानंच.

सकाळी दादाला धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. वहिनी खाणावळ बंद करून त्याला घेऊन आली, लगेच डायलिसिसला घेतलं, दुपारी श्वास ताळ्यावर आला. मी पोचले तेव्हा वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो झटकला.

"आज काय पायजे सगुणाताई? ओल्या काजूची उसळ? घाईत आणायची ऱ्हायली, माफ करा."

म्हटलं, "वहिनी, हे काय बोलतेस?"

"मी बोलते? दर मंगळवारी, दर शनिवारी तुमची फर्माईश. आज घावणे, आज मोदक, आज तिळाच्या पोळ्या, तूप वेगळं. 'सगुणाला आवडतं, सगुणानं मुद्दाम सांगितलंय.' नवऱ्याचा जीव टांगणीला, डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, आणि तुम्ही माझ्याकडून मोदक मागवून खाताय! द्यायची नसेल तर तसं सांगा ना! मी केलं, दात-ओठ खात केलं, का तर तुमच्याशी वाकडं घेतलं तर तुम्ही देणार नाय. भिकारणीसारखी करत होते मी!"

सगळी माणसं बघत होती. वहिनी रडत होती आणि ओरडत होती. मी एवढंच म्हणू शकले, "मी कधीही काहीही मागवलं नाही. तो म्हणायचा, पाहुण्यांचं राहिलं."

वहिनीचं रडणं थांबलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग दोघीही आतल्या बंद दाराकडे बघायला लागलो.

चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. चार महिने घरातलं तेल चमच्यानं मोजलं आणि आठवड्यातून दोनदा पोट फुटेस्तोवर खाल्लं, आणि तरी मला ते कधी खाणं वाटलं नाही. डॉक्टर बरोबर होते. मी खरं सांगत नव्हते, स्वतःलासुद्धा.

११ मार्च, मंगळवार

डबा आला होता. काजूची उसळच. वहिनीनं बंद केलं, तर ह्यानं गंगारामाच्या घरून करून आणली. म्हणजे बघा.

मी डबा उघडला, त्याच्या उशाशी ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. "खा ना," म्हणाला. म्हटलं, "वहिनीनं सगळं सांगितलं."

 तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "तुला राही हाय. उद्या तुला काय झालं तर त्या पोरीला आणि दीपकला काय तोंड दाखवू? मी नको म्हटलं तर तू ऐकणार होतीस? लहानपणापासून कधी ऐकलंस? म्हटलं, माझ्याऐवजी काट्यानंच नाय म्हणावं. तुलाही वाईट वाटायला नको, मलाही नाय."

"मला वाईट वाटलं नाही?" मी उभीच राहिले. "तिथे त्या डॉक्टरनं मला खोटारडी म्हटलं. मी माझ्या सासूवर चोरून तूप घातल्याचा आळ घेतला. तुझी बायको मला चार महिने शिव्या घालत मोदक वळत होती. आणि तू? तू बघत होतास! 'तुला खाताना बघितलं की बरं वाटतं' म्हणत होतास! तेही खोटंच ना?"

"ते खरं होतं," दादा म्हणाला. "तेवढंच खरं होतं."

सिस्टर आली आणि म्हणाली, हळू बोला, पेशंटचा रक्तदाब वाढतोय. म्हटलं, वाढू दे, माझाही वाढलाय. उसळ तिला देऊन टाकली. आणि चालत घरी आले, चढ चढून, धापा टाकत, त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत.

घरी आल्यावर सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. तोंडातून माफीचा शब्द निघेना. शेवटी म्हटलं, "मला पीठ कसं मळायचं ते शिकवा." त्या म्हणाल्या, "हात धू आधी."

१२ एप्रिल, शनिवार

पंच्याहत्तर. काटा तोच, पिठी तीच, भाकरी तीच. फक्त दादाचा डबा बंद.

आता मीच डबा नेते. त्याच्यासमोर बसून भाकरी आणि शेवग्याचा पाला खाते, एकेक घास तीस-तीस वेळा चावून. "बघ," म्हणते, "बरं वाटतंय ना?" तो भिंतीकडे तोंड करतो. आमचं बोलणं जवळजवळ बंदच आहे. पायात गोळा आला की मात्र गुपचूप पाय पुढे करतो, आणि मी चोळते. चोळतानाही मी रागावलेलीच असते.

वहिनीचे रोज फोन. तिला माझं वजन माझ्याआधी पाहिजे असतं. हल्ली गावच्या लाल तांदळाचं पीठ, कुळीथ, सुकवलेले मासे, काय काय पाठवते. खाणावळीतल्या पाहुण्यांनासुद्धा पिठी वाढायला लागली आहे म्हणे, आणि ते बोटं चाटतात. मेल्यांनो, तुम्हाला ती चैन आहे.

६ मे, मंगळवार

बाहत्तर. आंब्याचे दिवस. प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात, रस्त्यावर, पेटीत, गवतात, सगळीकडे हापूस. श्रद्धानं माझ्या टेबलावर दोन ठेवले. मी ते उचलून तिच्या टेबलावर ठेवले. तिनं परत ठेवले. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की मॅनेजर केबिनबाहेर आले. मग अर्धा खाल्ला, माझ्या वाटणीचा, आणि लिहून ठेवला: अर्धा आंबा.

आज दादा निघताना म्हणाला, "उगीच हाल करून घेत्येस. मी कोल्हापूरला येणार नाय." मी म्हटलं, "आणायला मी येत नाही, वहिनी येते. तिला नाही म्हणून दाखव."

१९ मे, सोमवार, कोल्हापूर

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

एकोणसत्तर आणि वर सहाशे ग्रॅम. डॉक्टर काट्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "ताई, मागच्या वेळचं मनावर घेऊ नका." म्हटलं, "घेतलंय. तुमची चूक नव्हती, तरी घेतलंय." ते हसले. मग त्यांनी दादाला एकट्याला आत बोलावलं, माझ्यासारखंच, दार लावून.

पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. "तुमचे भाऊ नको म्हणतायत. रुग्णाची इच्छा नसेल तर आम्ही पुढे जाऊ शकत नाही."

वहिनी मटकन खाली बसली. दीपक तिला सावरायला गेले. दादा मागून आला, मान खाली, आणि या बाकावर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "माझं आयुष्य झालं गो. तुझं हाय."

बाकावर सात-आठ माणसं होती. मला कोणाची पर्वा नव्हती.

मी म्हटलं, "चार महिने तू घातलंस ते मी खाल्लं. भूक नसताना खाल्लं, पोटात जागा नसताना खाल्लं, रडत रडत खाल्लं. एकदा तरी डबा परत पाठवला? का खाल्लं? तुला बरं वाटतं म्हणून. आता मी देतेय. मला बरं वाटतं म्हणून घे."

त्यानं तोंड वळवलं.

"आणि मला काय होईल ते सारखं विचारतोस. तू गेलास तर माझं काय होईल, ते विचारलंस कधी? एकदा तरी? मेल्या, मला दुसरा भाऊ आहे का?"

माझा आवाज चिरकला. समोरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. दादा आपल्या हाताकडे बघत होता, सुया टोचून टोचून फुगलेल्या शिरेवरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "दुखेल गो तुला."

म्हटलं, "दुखू दे."

तो उठला. वहिनीला हात देऊन उठवलं. मग डॉक्टरांना घेऊन पुन्हा आत गेला आणि दार लावून घेतलं. अजून बाहेर आलेला नाही. दारावरच्या काचेतून डॉक्टर मान डोलावताना दिसतायत, आणि दादा काहीतरी विचारतोय, बहुतेक माझंच. मी अजून चिडलेलीच आहे. दीपक विचारतायत, खाली जाऊन काही खाऊन येऊ या का. मला सडकून भूक लागली आहे.